धोवण

आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजचा सगळ्यांत खालचा कप्पा शरयूताईंचा होता. त्यात बोटाएवढ्या बाटल्यांची नुसती दाटी. प्रत्येक बाटलीवर कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, एक आकडा आणि खाली देवनागरीत एकच शब्द: धोवण. कोलकात्याच्या त्या संस्थेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. बाकीच्यांना त्या शब्दाचा अर्थ तोंडी सांगून ठेवलेला होता, आणि त्या बाटल्यांना हात लावायचा नाही हेही. जागा कमी पडली की कुणीतरी कुरकुरायचं, "शोरोजूदी, एगुलो फेले दिइ?" हे टाकून देऊ का, म्हणून. शरयूताई मान वर न करता म्हणायच्या, "दाओ. तारपोर आमाकेओ फेले दाओ." द्या, आणि मग मलाही द्या टाकून. बाटल्या जागच्या जागी राहायच्या.

मी तिथे गेले तेव्हा सत्तर साल नुकतंच लागलं होतं. वडील रेल्वेत होते. नागपूरहून त्यांची बदली झाली आणि आम्ही गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो. मी एम.एस्सी. होऊन घरी बसले होते. आईनं स्थळं बघायला सुरुवात करायच्या आत काहीतरी करावं, म्हणून बागबाजारजवळच्या या संस्थेत पीएच.डी.साठी अर्ज केला आणि घेतलं त्यांनी. प्रमुख डॉक्टर लाहिडी, आम्हा सगळ्यांचे सर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुमच्या देशाची एक बाई आमच्याकडे आहे. तिच्या हाताखाली शीक."

मला वाटलं, चला, कुणीतरी आपलं माणूस भेटलं. भेटली ती लाल काठाची बंगाली हातमागाची साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं भिंग अशा थाटातली पंचेचाळिशीची बाई. शरयू खांबेटे. आजोबा कधीकाळी नोकरीनिमित्त कोलकात्यात आले, तेव्हापासून घर बागबाजारात. त्यांनी पुणं दोनदा पाहिलं होतं, तेही लग्नकार्यासाठी. मराठी अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायच्या, फक्त वाक्याच्या शेवटी सूर बंगाल्यांसारखा वर जायचा, त्यामुळे प्रत्येक वाक्य प्रश्नच वाटायचं. शिक्षण बी.एस्सी., हुद्दा सहायकाचा, नोकरी अठरा वर्षांची. लग्न केलेलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी रक्तपेशी मिठाच्या पाण्यानं तीनदा धुतल्या आणि धुतलेलं पाणी मोरीत ओतलं. शरयूताई मागे उभ्या होत्या.

"धोवण कुठाय?"

"टाकलं."

"बघितलंस त्यात काय होतं ते?"

"त्यात काय असणार?"

"ते तुला आधीच माहीत होतं, तर प्रयोग कशाला केलास?"

आवाज चढलेला नव्हता. पण सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावला. दुसऱ्या वेळी धोवण तपासलं, तर मला जे पेशींना चिकटायला हवं होतं त्यातलं बरंचसं त्या पाण्यातच निघालं. मी खजील झाले. त्यांनी मला एक रिकामी बाटली आणि चिठ्ठी दिली. चिकटलेलं सगळेच मोजतात, न चिकटलेलंही मोजत जा, एवढंच बोलल्या आणि जेवायला गेल्या.

आता हे काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर शरयूताई कळायच्या नाहीत. शरीरात परकं काही शिरलं की ते धरून ठेवणारी प्रथिनं रक्तात तयार होतात, त्यांना प्रतिपिंड म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंडाला दोन हात, आणि दोन्ही हात एकच गोष्ट धरणारे. प्रत्येक हातात एक जड साखळी आणि एक हलकी साखळी. दोघी मिळून पकड तयार होते. सरांना असा प्रतिपिंड करून दाखवायचा होता की ज्याचा एक हात मेंढीची रक्तपेशी धरील आणि दुसरा कोंबडीची. त्यासाठी एका सशाकडून मेंढीवाले प्रतिपिंड घ्यायचे, दुसऱ्याकडून कोंबडीवाले. एका रसायनानं दोन्ही मधोमध सोडवायचे, ते अर्धे भाग एकत्र करायचे आणि पुन्हा जुळू द्यायचे. परदेशात हे झालेलं होतं. आपल्या हातांनी, आपल्या सशांवर व्हायला हवं होतं.

मेख अशी की रसायन जरा जास्त पडलं तर नुसते अर्धे भाग सुटत नाहीत. हलकी साखळी आपल्या जड साखळीपासूनही सुटते, आणि जुळताना मेंढीवाली हलकी कोंबडीवाल्या जड साखळीला जाऊन बसते. मग तयार होणाऱ्या प्रतिपिंडात भाग तेच, वजन तेच, विजेच्या प्रवाहात जेलच्या लिबलिबीत थरातून धावायची जागाही तीच. फक्त हात निकामी. ना मेंढी धरतो ना कोंबडी. खरा आणि खोटा शेजारी ठेवले तर जेलवर दोघांचा पट्टा एकाच जागी, मेंढीवाल्याच्या आणि कोंबडीवाल्याच्या मधोमध दिसतो.

या रसायनाला नासक्या अंड्यांसारखा वास यायचा. बाटली उघडली की शेजारच्या खोलीतली माणसं खिडक्या लावून घ्यायची. बाटली जुनी झाली की त्याचा जोर उतरत जातो. किती उतरला ते शरयूताई बूच काढून नाकानं ठरवायच्या आणि त्या बेतानं थेंब वाढवायच्या. मी नाक दाबून पळायचे आणि त्या सुगंधी अत्तर हुंगावं तशा शांतपणे हुंगायच्या. संस्थेतल्या सगळ्या तराजू-यंत्रांपेक्षा शोरोजूचं नाक भरवशाचं, असं सर पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे, आणि शरयूताईंना ते आवडायचं. हा त्यांचा एवढाच गर्व मला सापडला.

त्यांची दुसरी सवय नाव झाकायची. कोणताही निकाल वाचायच्या आधी त्या मला नळ्यांवरच्या चिठ्ठ्या काढून नुसते आकडे लावायला सांगायच्या. कुठला आकडा म्हणजे कुठली नळी, ते फक्त माझ्या हातातल्या कागदावर. "आपल्याला जे दिसावंसं वाटतं ना, ते आधी दिसतं. म्हणून नाव झाकून बघायचं," असं म्हणून भिंग डोळ्याला लावायच्या. बंगाली सहकाऱ्यांना हा त्यांच्यावरचा अविश्वास वाटायचा. एकदा एकजण रागावून म्हणाला की दीदी आम्हाला चोर समजतात. शरयूताईंनी त्याला समजावलं की चोर मी स्वतःला समजते, तुम्हाला नव्हे.

या सवयीपायी मराठी मंडळात काय झालं ते सांगण्यासारखं आहे. गणपतीत बायकांची मोदकांची स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मंडळींनी मोठ्या हौसेनं शरयूताईंना बोलावलं. त्यांनी आल्या आल्या सगळ्या ताटल्यांवरची नावं काढायला लावली आणि आकडे घातले. मग पदर खोचून, प्रत्येक मोदकानंतर चूळ भरून, अर्धा तास परीक्षा चालली. अध्यक्षांच्या सौभाग्यवतींचे मोदक सगळ्यांत शेवटी आले. पहिला नंबर आला तो कुणाच्या तरी शेजारच्या बंगाली वहिनींचा, त्या आदल्या आठवड्यातच मोदक शिकल्या होत्या आणि गंमत म्हणून ताटली घेऊन आल्या होत्या. अध्यक्ष निकालाचा कागद उलटसुलट करून पाहायला लागले. "निकाल बदलायचा असेल तर मोदक बदला," असं म्हणून शरयूताईंनी हात धुतले. पुढल्या वर्षी त्यांना परीक्षक म्हणून कुणी बोलावलं नाही. त्या मात्र आरतीला नेमानं गेल्या आणि अध्यक्षीणबाईंच्या शेजारी बसून टाळ्या वाजवून आल्या.

त्या दुसऱ्या वर्षी दुर्गापूजेच्या सुटीआधी सरांनी त्यांना सांगितलं, की या कामाचा लेख झाला तर त्यावर माझ्या आणि या मुलीच्या नावाबरोबर तुझंही नाव असेल. एवढ्या वर्षांत संस्थेतून कितीतरी लेख निघाले होते, त्यांतल्या अर्ध्याअधिक कामाला शरयूताईंचे हात लागले होते, आणि नाव एकावरही नव्हतं. फार तर शेवटी आभारात, तेही 'आमच्या सहायकांचे'. ही बातमी त्यांनी मला ट्रामच्या थांब्यावर सांगितली, आज ट्राम उशिरा येणार असं सांगावं तशी. पण दुसऱ्या दिवशी मी नोंदवही घेतली, तर मागच्या पानावर त्यांनी आपलं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, इंग्रजीत तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहिलं होतं. मी ते पाहिलं आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. मी पान उलटलं.

मग थंडी आली. कोलकात्याची थंडी ती केवढी, पण तिथे डिसेंबर लागला की माणसं हिमालयात निघाल्यासारखी कपडे घालतात. शरयूताई याबाबतीत पक्क्या बंगाली. डोक्यात खाकी माकडटोपी घालून त्या सूक्ष्मदर्शकापाशी बसायच्या. त्या जानेवारीत टोपीचा काही उपयोग झाला नाही आणि त्यांना दणकून सर्दी झाली. त्याच आठवड्यात कितीतरी महिने वाट पाहिलेली त्या रसायनाची नवी बाटली आली आणि आम्ही प्रयोग लावला.

प्रयोग असा काही जमला की बोलायची सोय नाही. जेलवर मधोमध पट्टा उमटला, ठळक आणि रेखीव. सूक्ष्मदर्शकाखाली मेंढीच्या गोल पेशी आणि कोंबडीच्या लांबट पेशी एकमेकींना धरून झुबक्यांनी बसलेल्या. दोन वेगळ्या गोष्टी धरणारा प्रतिपिंड तयार झाल्याची ती डोळ्यांनी दिसणारी खूण होती. सरांनी सगळ्या मजल्याला रसगुल्ले वाटले. पंधरा दिवसांत लेखाचा खर्डा तयार झाला. जवळजवळ सगळे अर्धे भाग हवे तसे जुळले, असं त्यात लिहिलं होतं. वर तीन नावं होती. माझ्या प्रबंधाचं मुख्य प्रकरणही तेच होतं, आणि मला घाई होती, कारण वडिलांच्या परत नागपूरला बदलीचा हुकूम आला होता. एप्रिलअखेर आम्ही कोलकाता सोडणार होतो.

खर्डा टाइप व्हायला जायच्या आदल्या दिवशी शरयूताईंनी शिंकत शिंकत खालचा कप्पा उघडला. "या वेळचं धोवण बघायचं राहिलंय," म्हणाल्या. नव्या प्रयोगातला माल त्यांनी आधी मेंढीच्या पेशींबरोबर ठेवून धुतला होता, मग कोंबडीच्या. दोन्ही धुण्यांनंतर जे पाणी उरलं त्यात कामाचा प्रतिपिंड राहायला नको. मला म्हणाल्या, जुन्या प्रयोगांची धोवणंही यात मिसळ, आणि नावं झाक. मी आठ नळ्यांना आकडे लावले. जेल चालवला, रंगवला, धुतला. शरयूताईंनी भिंग लावलं.

"पाचवी बघ. धोवण आहे, तरी मधला पट्टा केवढा ठळक! ज्यानं कुणी हे केलंय ना, त्याच्या हलक्या साखळ्यांची अदलाबदल झालीय. निम्मा माल खोटा आहे."

माझ्या हातातल्या कागदावर पाचव्या आकड्यासमोर आमचा नवा प्रयोग होता. खरं सांगते, तो कागद चुरगळून टाकावा आणि काहीतरी दुसरंच सांगावं, असं एक क्षण माझ्या मनात आलं. शरयूताईंनी भिंग खाली करून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आपलं?"

मी मान डोलावली.

त्यांनी माकडटोपी काढली आणि स्टुलावर बसल्या. थोड्या वेळानं ती नवी बाटली मागितली, बूच काढून नाकाशी धरली, आणि माझ्यापुढे केली. "तू हुंग." मी हुंगलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. जुन्या बाटलीचा वास याच्या पासंगालाही पुरला नसता. शरयूताईंना काहीच येत नव्हता.

"सवयीनं थेंब वाढवून घातले मी," त्या म्हणाल्या. "नाक बंद होतं, आणि तरी नाकावरच भरवसा ठेवला. चूक माझी आहे. तुझी नाही, हे सरांना मीच सांगते."

सरांच्या खोलीत मी त्यांच्या मागे उभी होते. बोलणं बंगालीत झालं, पण शब्दन् शब्द कळत होता. सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "झुबके झालेत की नाही?"

"झालेत."

"पट्टा मधोमध आहे की नाही?"

"आहे."

"मग? धोवण कोण बघतं, शोरोजू? जगात कुणी बघत नाही. पुन्हा सगळं करायचं म्हणजे उन्हाळा उजाडेल. ही मुलगी चालली एप्रिलमध्ये. आणि लेखावर तुझं नाव आहे, हे विसरू नको."

"विसरले नाही, म्हणूनच आले. झुबके खरे आहेत. 'जवळजवळ सगळे' हे खरं नाही. ते तसंच छापायचं असेल तर माझं नाव काढून टाका."

सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. माझंही नाव त्या लेखावर होतं. मलाही म्हणता आलं असतं की माझंही काढा. मी खाली मान घालून फरशीकडे बघत राहिले, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

बाहेर आल्यावर माझा बांध फुटला. माझा प्रबंध, माझे दोन वर्षांचे कष्ट, असं काय काय मी बोलत होते. एका शब्दानंही त्यांच्या नावाबद्दल बोलले नाही. त्यांनी मला नाक्यावरच्या दुकानातून गरम बेगुनी घेऊन दिल्या, कढईतून काढलेली वांग्याची भजी. "खा. रडून झालं की सांग," म्हणाल्या. "उद्या आठला ये. या वेळी रसायन तोलून घेऊ. हे नाक आता पेन्शनीत."

तिसऱ्या दिवशी सर स्वतः आमच्या टेबलापाशी आले. "दाखव तुझं धोवण," म्हणाले. शरयूताईंनी जेल पुढे ठेवला, पण नुसते आकडे घातलेला. नावं झाकलेली. सरांनी बराच वेळ पाहिलं आणि बोट पाचव्यावर टेकवलं. मग एकदम हसायला लागले आणि म्हणाले, "आमि हार मानलाम." हरलो म्हणून कबूल करणारे प्रमुख मी पुढे नोकरीत फारसे पाहिले नाहीत, म्हणून त्यांचाही मला अभिमान वाटतो.

फेब्रुवारीपासून आम्ही पुन्हा सुरुवात केली. या वेळी रसायनाच्या पाच वेगवेगळ्या मात्रा, आणि प्रत्येक मात्रेचं जेल, झुबके आणि दोन्ही धोवणं. मधूनच बंद पुकारले जायचे, बस मिळायची नाही, वीज जायची, आणि फ्रिजमधला बर्फ वितळेल म्हणून शरयूताई त्यावर गोणपाटं टाकून बसायच्या. मला खोटी जोडी धोवणात कशी पकडायची ते त्यांनी इतक्यांदा करायला लावलं की आजही मी ते झोपेत करीन. शेवटचा प्रयोग लागला तेव्हा मात्र आमच्या घरी सामान बांधून झालं होतं.

मी निरोप घ्यायला गेले तेव्हा त्या शीतखोलीत होत्या. बाहेर एप्रिलची लाही, आणि आत त्या अंगावर शाल, डोक्यावर तीच माकडटोपी अशा बसलेल्या. दाराला काचेचा एक चौकोन होता, त्यातून मी पाहिलं. डोळा सूक्ष्मदर्शकाला, डाव्या हातात झुबके मोजायचं टकटक वाजणारं यंत्र. मी काचेवर टिचकी मारली. मान न वळवता त्यांनी उजवा हात वर केला. थांब. मोजणी मध्ये तोडायची नाही हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी थांबले, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. खाली वडील टॅक्सीत बसून होते आणि हावड्याला गाडीची वेळ होत आली होती. तो वर केलेला हात खाली आलेला मी पाहिला नाही. नमस्कार काचेलाच केला आणि जिना उतरले.

पुढल्या वर्षी नागपूरच्या पत्त्यावर एक लिफाफा आला. आत लेखाची छापील प्रत. मथळ्यातच होतं की सारख्याच वजनाची खोटी जोडी धोवणातून कशी ओळखावी. म्हणजे सरांचा मूळ विषय मागे पडला होता आणि शरयूताईंचा खालचा कप्पा पुढे आला होता. मथळ्याखाली जिथे नावं असतात तिथे मात्र कागदाची एक पट्टी नीट कापून चिकटवलेली होती. पट्टीवर पेन्सिलीनं देवनागरीत लिहिलं होतं: "नाव झाकून वाच. पटलं तर कळव."

मी काही शरयूताई नव्हे. मी तशीच स्वयंपाकघरात गेले, उकळत्या चहाच्या वाफेवर तो कागद धरला आणि पट्टी सोडवली. खाली तीन नावं होती. शेवटचं सरांचं, मधलं माझं. पहिलं नाव शरयूताईंचं होतं, वडिलांच्या नावासकट, त्या वहीच्या मागच्या पानावर शेवटी लिहून पाहिलं होतं अगदी तसं.

मी बराच वेळ ते नाव बघत बसले आणि खूप रडले. मग भाताच्या शिताची खळ लावून पट्टी होती तिथे परत चिकटवली, आणि लेख पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. संध्याकाळी जाऊन कार्ड टाकलं. त्यावर एवढंच लिहिलं, "पटलं."